होडी वाटता येत नाही

माझं माहेर वाघोटण खाडीच्या काठावरचं, विजयदुर्गाच्या पंचक्रोशीतलं. सासर अलिबागजवळ, नारळी-पोफळीच्या वाडीत. १७३५ साली मराठी आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे यांच्या मुलांत त्यांच्या दौलतीचे दोन तुकडे पडले. त्यांतल्या दक्षिणेकडच्या तुकड्यात मी जन्मले आणि उत्तरेकडच्या तुकड्यात नांदायला आले. लग्न जमवताना पत्रिका, शिक्षण, देणंघेणं सगळं बघून झालं होतं, हे मात्र कुणाच्या ध्यानीमनीही नसणार. मला ते उमगलं सासूबाईंशी बोलताना. मी बोलण्याच्या ओघात ‘आमचा तुळाजी’ म्हणून गेले, आणि आमसुलं निवडता निवडता त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, ‘तुमचा असेल. आमच्या मानाजींना त्यानं आणि त्या संभाजीनं सुखानं नांदू दिलं नाही.’ तिघंही कान्होजींचेच मुलगे.

अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या भावांचं भांडण आणि त्यांच्या आवाजातली धार कालची. मला त्याचं नवल वाटलं नाही, कारण माझ्या आजोंच्या आवाजातही तीच धार असायची. फक्त पातं उलट्या बाजूला. आजो म्हणायचे, ‘तुळाजीक इंग्रजान नाय, घरच्यांनीच बुडवल्यानी.’ घरच्यांनी म्हणजे मानाजीनं आणि पेशव्यांनी.

आमच्या खाडीवर प्रत्येक घराचा मूळपुरुष आंग्र्यांच्या गलबतावर होता असं सांगतात. आमच्याही घरी सांगतात. कागद कुणाकडेच नाही. पण हे निव्वळ फुशारकीचं आहे असं मला वाटत नाही. एकेका गलबताला चाळीस-पन्नास वल्ही असत. आरमार उभं करायचं तर वल्ह्याला बसणारी, शिडावर चढणारी, गळक्या फळ्यांत काथ्या ठोकणारी हजारो माणसं लागणार. ती कुठून आली असतील? इथूनच, गाबीत, भंडारी, खारवी, कोळी, दालदी यांच्या घरांतून. आंग्रे घराण्याची कथा सांगताना सरखेल म्हणजे आरमारप्रमुख, पेशवे आणि गव्हर्नर एवढेच बोलतात. मला ती कथा त्या वल्हेकऱ्यांच्या घरातून बघायची सवय लागली आहे.

तुकोजी आंगरे हे शिवाजी महाराजांच्या आरमारातले, सुवर्णदुर्गावरचे. त्यांचा मुलगा कान्होजी १६६९ चा. औरंगजेबाच्या स्वारीत सगळा मुलूख उधळून गेला असताना या माणसानं कोकणची किनारपट्टी धरून ठेवली आणि सरखेल झाला. पुढे शाहू आणि ताराबाई यांच्यात दौलत दुभंगली तेव्हा कान्होजी ताराबाईंकडे होते. शाहू महाराजांचा पेशवा बहिरोपंत पिंगळे त्यांच्यावर चालून गेला, तर त्यालाच त्यांनी कैद केलं. मग १७१३ मध्ये श्रीवर्धनच्या भटांचा बाळाजी विश्वनाथ बोलणी करायला आला. दोघंही कोकणातले, एकमेकांची भाषा आणि खोडी जाणणारे. दहा जलदुर्ग आणि सोळा किल्ले कान्होजींकडे राहिले, सरखेली कायम झाली. बाळाजीपंतांना पेशवाई मिळाली तीही याच कामगिरीसाठी. पुण्याची पेशवाई ज्या कामगिरीवर उभी राहिली ती आंग्र्यांची समजूत काढण्याची होती, हे पुढचं सगळं वाचताना मी विसरू शकत नाही.

त्यानंतरच्या सोळा वर्षांत कान्होजींना कुणीही हलवू शकलं नाही. मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून १७१७ मध्ये विजयदुर्गावर आला, परत गेला. १७१८ मध्ये खांदेरीवर आला, परत गेला. १७२१ च्या अखेरीला इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले, तेव्हा बाजीराव फौज घेऊन अलिबागला मदतीला उतरले. पोर्तुगिजांनी परस्पर तह केला आणि इंग्रज हात हलवत मुंबईला गेले. १७२४ मध्ये डचांनी विजयदुर्गावर नशीब अजमावून पाहिलं. इंग्रजी कागदांत हे सगळं ‘चाच्यां’विरुद्धच्या मोहिमा म्हणून नोंदलं आहे. पोर्तुगिजांनी दोनशे वर्षं या समुद्रात कार्ताझ नावाचा परवाना सक्तीनं विकला, तो त्यांचा हक्क ठरला. तेच कान्होजींनी आपल्या किनाऱ्यासमोर दस्तक, म्हणजे तसाच परवाना, मागितलं, तर ते चाचे. मला या शब्दाचा अजूनही राग येतो आणि तो यावा असंच मला वाटतं.

पण कान्होजी अजिंक्य राहिले ते कशामुळे? पराक्रम होताच, त्याहूनही कारण होतं आरमाराच्या बांधणीत. तिथं जरा थांबायला हवं, कारण पुढची सगळी शोकांतिका त्या बांधणीतच आहे.

आंग्र्यांची मोठी जहाजं म्हणजे घुराबा. दोन डोलकाठ्यांची, क्वचित तीनही, मोठी घुराब तीनशे टनांपर्यंत. तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, लांब, निमुळती, पुढे झुकलेली. लाट अंगावर आली की पाणी कडेनं ओघळून जायचं. नाळेच्या मागे आडव्या भिंतीत भोकं आणि तिथून पुढे रोखलेल्या दोन मोठ्या तोफा. पाण्यात उथळ बसायची, म्हणून खाडीत, वाळूच्या दांड्यांच्या आतही शिरायची, जिथं विलायती जहाजाचा तळ लागेल. तिच्या जोडीला गलबतं. सत्तर टनांपर्यंतची, हलकी, शिडं आणि वल्ही दोन्ही असलेली. इंग्रजांच्याच जुन्या वर्णनांत त्यांची लढण्याची रीत नीट लिहून ठेवली आहे. वारा पडला की उंच शिडांचं विलायती जहाज जागच्या जागी खिळून राहतं. अशा वेळी गलबतं घुराबांना दोर बांधून, वल्ही मारत, ओढत नेत. जहाजाच्या तोफा दोन्ही कुशींना असतात, पिछाडीला फारशा नाहीत. म्हणून घुराबांना पिछाडीलाच नेऊन लावत. घुराबा डोलकाठ्या आणि शिडांचे दोर तोडत बसत. जहाज लुळं पडलं की गलबतं चहूबाजूंनी भिडत आणि तलवारी घेतलेली माणसं वर चढत.

म्हणजे घुराबेला तोफा आहेत पण वारा नसताना पाय नाहीत. गलबताला पाय आहेत पण मोठ्या तोफा नाहीत. आणि दोन्हींना परतायला खाडी हवी, खाडीच्या तोंडावर किल्ला हवा, किल्ल्याला पुढच्या किल्ल्याची साथ हवी. कुलाबा, सुवर्णदुर्ग, जयगड, विजयदुर्ग. मुंबईहून निघालेलं जहाज एका किल्ल्यासमोरून निसटलं तर पुढच्याच्या तावडीत सापडे. हे सगळं एका हुकमाखाली असेल तरच आरमार. नाहीतर नुसतीच लाकडं.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारले. अलिबागेत त्यांची समाधी आहे. मागे राहिले शेखोजी, संभाजी, मानाजी, तुळाजी, येसाजी, धोंडजी. जुन्या इतिहासांत शेखोजी-संभाजी हे औरस आणि बाकीचे नाटकशाळांचे, म्हणजे रखेल्यांचे, असं मांडलेलं दिसतं. नाटकशाळेचा म्हटलेला मुलगा त्याच घरात वाढायचा, त्याच गलबतावर शिकायचा, आणि बाप गेल्यावर त्याला सांगितलं जायचं की तुझा हिस्सा वेगळ्या मापानं मोजला जाईल. तुळाजीकडे बघताना मी हे विसरत नाही.

शेखोजी सरखेल झाले. शहाणे, सबुरीचे होते. भाऊ त्यांच्या शब्दात राहिले. १७३३ मध्ये, जंजिऱ्याच्या सिद्दीवर पेशव्यांची मोहीम ऐन भरात असताना, ते अकाली गेले. त्यांचं जाणं हा मला या कथेतला सगळ्यांत दुर्दैवी क्षण वाटतो. तुळाजीच्या पाडावाहूनही. कारण तिथून पुढे कुणीच कुणाचं ऐकलं नाही. सरखेली संभाजीकडे आली. मानाजी फुटला आणि पोर्तुगिजांची मदत घेऊन कुलाब्यात शिरला. येसाजीचे डोळे काढले गेले अशी नोंद जुन्या इतिहासांत आहे आणि ते काढणारा भाऊच होता. सासूबाईंचे मानाजी. हे मी त्यांना कधी ऐकवलं नाही. ऐकवून काय साधणार होतं?

मग भांडण पेशव्यांकडे गेलं. बाजीरावांनी १७३५ मध्ये निवाडा केला. कुलाबा मानाजीला, वजारतमाब हा किताबही त्याला. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सरखेली संभाजीला. आणि निवाडा करणाऱ्याला मानाजीकडून राजमाची आणि कोथळीगड हे किल्ले.

मी शाळेत असल्यापासून बाजीरावांवर मनापासून प्रेम करत आले आहे. पण या निवाड्यापाशी माझं त्यांच्याशी भांडण आहे. त्यात कपट होतं म्हणून नाही. आपल्या सामर्थ्यशाली सरदाराचं घर दुबळं झालं तर पुण्याला ते बरंच होतं, हे उघड आहे. राज्य करणारे असाच विचार करतात. माझं म्हणणं त्या निवाड्याच्या रीतीबद्दल आहे. देशावर वतन जसं वाटतात तसं हे आरमार वाटलं गेलं. पाटीलकी वाटता येते. थोरल्याला मान, धाकट्याला जमीन, शिमग्याची पोळी अमक्याची, बैल तमक्याचा. जमिनीचे चार तुकडे केले तरी प्रत्येक तुकड्यात भात पिकतं. शेकडो वर्षं भाऊबंदकीचे निवाडे करून हात बसलेला होता, तोच हात समुद्रावर फिरला. मानाजीच्या वाट्याला काही घुराबा, काही गलबतं, संभाजीच्या वाट्याला काही. कागदावर न्याय झाला. समुद्रावर दोन लंगडी आरमारं तयार झाली आणि दोघांचा पहिला शत्रू दुसरा भाऊ.

हे मला इतकं कळतं, कारण आमच्याच घरात हे झालेलं आहे.

आजो आणि त्यांचे धाकटे भाऊ वेगळे झाले ते माझ्या जन्माच्या आधी. घर मधोमध भिंत घालून वाटलं. माड मोजून वाटले, आंब्याची कलमं एकेका आड एक अशी वाटली. तांब्याची भांडी तराजूत घातली. देवही वाटले, गणपती एका घरात आणि गौरी दुसऱ्या. राहिली होडी. शिडाची, दहा-बारा माणसांची, बंदरापासून बंदरापर्यंत कौलं आणि तांदूळ नेणारी. पंच म्हणाले, एक वर्ष थोरल्यानं चालवावी, एक वर्ष धाकट्यानं. ते एकच पावसाळा टिकलं. पाण्याबाहेर काढून तिला चुन्या-तेलाचा हात कुणी द्यायचा, फुटकी फळी कुणाच्या खर्चानं बदलायची, यावरून दोघं भाऊ हातघाईवर आले. शेवटी होडी परक्याला विकली आणि पैसे वाटून घेतले. आजो ते सांगताना पैशांचा आकडा कधी सांगत नसत. एवढंच म्हणत, ‘जमीन वाटूक येता, झाडां वाटूक येतत. होडी कशी वाटतलंस?’

होडी गेल्यावर दोन्ही घरांतले पुरुष मुंबईला गिरणीत गेले. खाडीशी असलेलं आमच्या घराचं नातं तिथं दोन पिढ्यांसाठी तुटलं. समुद्र कुठेच गेला नव्हता. अंगणातून दिसत होता.

संभाजीनं वाटणी मनातून मानलीच नाही. १७४० मध्ये तो कुलाब्यावर चालून गेला आणि मानाजीनं पेशव्यांना आणि इंग्रजांना हाका मारल्या. बाजीरावांचे भाऊ चिमाजीअप्पा आणि मुलगा नानासाहेब कुलाब्याला धावून आले. बाजीराव नर्मदेकाठी रावेरखेडीला वारले ती बातमी त्यांना तिथंच कळली. मराठ्यांच्या इतिहासातलं एवढं मोठं दुःख या दोघांना गाठायला आलं तेव्हा ते दोन आंग्र्यांचं भांडण सोडवत होते. पुढे लवकरच संभाजीही वारला. गिर्ये गावात रामेश्वराचं देऊळ आहे. तांबडा कातळ उभा चिरून देवळाकडे उतरणारी वाट केली आहे, दोन्ही अंगांना उंच भिंती, उन्हाळ्यातही पायाखालचे चिरे गार. त्या देवळाच्या आवारात संभाजीची समाधी आहे. लहानपणी जत्रेला गेलं की आम्ही तिच्याभोवती पकडापकडी खेळायचो. कुणाची समाधी म्हणून विचारलं तर मोठी माणसं ‘आंग्र्यांची’ म्हणायची, जणू आंग्रे एकच होते.

मग तुळाजी. माझ्या आजोंचा नायक. त्याचं आरमार कान्होजींच्या आरमारासारखंच धाक घालणारं झालं, हे त्याचे शत्रूही कबूल करतात. पण आता मी आजोंच्या मांडीवर बसलेली नात नाही. जे कागद वाचले त्यावरून मला म्हणावं लागतं की तुळाजीनं पुण्याला जुमानलं नाही एवढ्यावर ते थांबलं नव्हतं. पेशव्यांच्या कोकणातल्या मुलखाला त्यानं सतत उपद्रव दिला, समेटाची एकही संधी नीट घेतली नाही, आणि सिद्दी, इंग्रज, डच, पोर्तुगीज, सावंतवाडीकर, पेशवे, सख्खा-सावत्र भाऊ या सगळ्यांशी एकाच वेळी वैर धरलं. आरमारावरचा माणूस म्हणून तो थोर, राजकारणात मात्र एकटा. आणि नानासाहेब? त्यांनी १७५५ च्या मार्चमध्ये मुंबईकर इंग्रजांशी करार केला. पेशव्यांचे कोकणातले सुभेदार रामाजी महादेव त्यात पुढे होते. समुद्रावरून इंग्रजांनी मारायचं, जमिनीवरून मराठ्यांनी. बदल्यात इंग्रजांना बाणकोट.

एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सनं सुवर्णदुर्ग घेतला. जिथं तुकोजी आंगरे चाकरी करत होते तोच सुवर्णदुर्ग. वर्षअखेरीला ॲडमिरल वॉटसन आणि कर्नल रॉबर्ट क्लाइव्ह मुंबईला येऊन पोहोचले होते. त्यांना मुळात फ्रेंचांवर पाठवायचं होतं, ते काम लांबलं, म्हणून त्यांना विजयदुर्गावर धाडलं. १७५६ च्या फेब्रुवारीत हे आरमार खाडीच्या तोंडाशी आलं. तुळाजी तेव्हा मराठ्यांच्या छावणीत बोलणी करायला गेला होता. आपल्याच माणसांशी बोलून काहीतरी जुळेल असं त्याला शेवटी वाटलं असेल. त्याला तिथंच अडकवून ठेवलं. तो आणि मराठे परस्पर जुळवून घेतील या धास्तीनं वॉटसननं घाईनं मारा सुरू केला.

किल्ल्याच्या आडोशाला आरमार नांगरून पडलं होतं, जहाजं एकमेकांना दोरांनी बांधलेली. त्यांतलं एक होतं ‘रिस्टोरेशन’. इंग्रजांचंच, कान्होजींच्या वारसांनी पूर्वी धरून आणलेलं. तोफगोळा त्या जहाजावर फुटला आणि आग लागली. दोर बांधलेले, त्यामुळे ती जहाजावरून जहाजावर गेली. घुराबा जळाल्या, गलबतं जळाली, गोदीत बांधायला घेतलेली लाकडंही जळाली. आमच्याकडे म्हातारी माणसं सांगायची की खाडीच्या दोन्ही काठांवरच्या गावांना त्या रात्री दिवा लावावा लागला नाही. लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आणलेली गोष्ट आहे, मी ती तशीच लिहिते. ज्या बायका काठावर उभ्या राहून बघत असतील त्यांची माणसं त्यांतल्या कुठल्या जहाजावर होती, किल्ल्यात होती की पोहून वर आली, हे कुठल्याही दप्तरात नाही. इंग्रजांच्या दप्तरात किल्ल्यात सापडलेल्या मालाचा हिशेब आहे. सुमारे दहा लाख रुपये. ते त्यांनी आपसात वाटून घेतले. मराठ्यांना किल्ल्यात पाऊल टाकू दिलं नाही. विजयदुर्ग नानासाहेबांच्या हाती यायला ऑक्टोबर उजाडला.

आणि तोच वॉटसन, तोच क्लाइव्ह पुढच्या जानेवारीत कलकत्त्याला होते आणि जूनमध्ये क्लाइव्ह प्लासीला. विजयदुर्ग पडला नसता तर प्लासी टळली असती, असं मी म्हणणार नाही. इतिहास असा सरळ दोरीत ओवलेला नसतो. पण आमच्या खाडीत जे घडलं ते आमच्यापुरतं नव्हतं, एवढं मात्र मला निक्षून सांगायचं आहे.

तुळाजी मरेपर्यंत कैदेत राहिला, या किल्ल्यावरून त्या किल्ल्यावर. समुद्राच्या माणसाला सह्याद्रीवर ठेवलं. त्याचे दोन मुलगे पुढे निसटले आणि गेले कुठे, तर मुंबईत इंग्रजांच्या आश्रयाला. ज्यांनी बापाचं आरमार जाळलं त्यांच्याकडे जावं इतकी घरची माणसं परकी झाली होती.

सासूबाईंचं म्हणणं यावर असं, की मानाजीनं निदान घर राखलं. हे खरंच आहे. विजयदुर्ग १७५६ मध्ये संपला. कुलाबा त्यानंतर चौऱ्याऐंशी वर्षं आंग्र्यांकडे राहिला. मानाजीनंतर राघोजी आले, त्यांनी चौतीस वर्षं मुलूख सांभाळला. कुलाब्याच्या किल्ल्यातलं गणपतीचं देऊळ त्यांचंच, ओहोटीला चालत जाऊन आम्ही माघी गणपतीला तिथं नमस्कार करून येतो. पण राघोजींच्या मागेही तेच झालं. वारस लहान, कारभारी जयसिंग, आणि त्याच्या विरोधात शिंद्यांच्या बळावर आलेला बाबूराव आंग्रे. जयसिंग कैदेत पडला तेव्हा त्याची बायको सकवारबाई खांदेरी धरून बसली. समुद्रातल्या त्या खडकावर एक बाई, पलीकडे सगळी दौलत. किल्ला दिलास तर नवऱ्याला सोडू असं तिला सांगितलं गेलं. तिनं किल्ला दिला. त्यांनी नवऱ्याला मारलं आणि तिला कैदेत टाकलं. आंग्र्यांच्या कथेतलं माझ्या मनातलं सगळ्यांत उंच माणूस कान्होजींच्या खालोखाल ती आहे, आणि तिच्या नावाचा एक रस्ता तरी असावा असं मला फार वाटतं.

१८३९ मध्ये शेवटचा वारस तान्हेपणीच गेला. दत्तक घेऊ दिला नाही आणि १८४० मध्ये कुलाबा संस्थान खालसा झालं. डलहौसी हिंदुस्थानात येण्याच्या आठ वर्षं आधी. झाशी आणि सातारा सगळ्यांना ठाऊक असतात. अलिबागकरांनाही कुलाब्याची ही गोष्ट सांगावी लागते. १९८१ मध्ये जिल्ह्याचं नावही कुलाब्याचं रायगड झालं. त्याला माझी हरकत नाही, पण कुलाबा म्हटलं की आता सगळ्यांना मुंबईचाच आठवतो.

वल्ह्यावर बसणाऱ्यांचं काय झालं? विजयदुर्गाला पेशव्यांचं आरमार उभं राहिलं, धुळपांच्या हाताखाली. १७८३ मध्ये आनंदराव धुळपांनी रत्नागिरीसमोर ‘रेंजर’ हे इंग्रजी जहाज लढून पकडलं, तेव्हा त्या गलबतांवर जळालेल्या आरमारातल्या माणसांची मुलं-नातवंडं असणार. म्हणून आरमार १७५६ ला संपलं असं कुणी म्हटलं की मला ते अपुरं वाटतं. त्याचा दरारा गेला, पण हात शिल्लक होते. पुढे तेच हात कंपनीच्या जहाजांवर गेले, मग आगबोटींवर, मग गिरण्यांत. आमच्या वाडीतले एक काका नौदलात होते. त्यांचं मुंबईतलं ठाणं ‘आयएनएस आंग्रे’. इंग्रजांच्या काळात त्या ठाण्याचं नाव ‘डलहौसी’ होतं, १९५१ मध्ये ते बदलून आंग्रे केलं. ज्यांना चाचे म्हणून हिणवलं त्यांचं नाव सरकारी पाटीवर लागलं. काका ते नाव घेताना आपोआप ताठ बसायचे.

आता माझ्या माहेरी पुन्हा बोट आहे. माझ्या दोन चुलतभावांनी, म्हणजे आजोंच्या आणि धाकट्या आजोंच्या नातवांनी, कर्ज काढून एक लहान ट्रॉलर घेतला. ज्या दोन घरांमधल्या भिंतीला दार नाही त्या घरांतले हे दोघं. घेण्याआधी त्यांनी स्टॅम्पपेपरवर करार केला आणि मला वाचायला पाठवला, कारण घरात कागद वाचणारी मी. बोटीचे हिस्से पाडायचे नाहीत, गहाण टाकायची नाही, एकाला बाहेर पडायचं असेल तर त्यानं पैसे घ्यावेत, बोट दुसऱ्याकडे राहील. उत्पन्नाचे वाटे रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून मिळून ओढायच्या जाळ्याला, पाडतात तसे, आधी डिझेल आणि बर्फ, मग खलाशी, मग जाळं, मग मालक. डागडुजीचा खर्च वाट्याआधी बाजूला काढायचा. आणि तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख, धाकट्या घरातला मुलगा, कारण पाणी त्याला जास्त कळतं. थोरल्या घरातल्यानं त्याखाली न कुरकुरता सही केली आहे. मी फक्त एक ओळ वाढवायला सांगितली, बोटीचा विमा दोघांच्या नावे असावा म्हणून. ती त्यांनी वाढवली.